शाळेतल्या ‘स्पीचच्या बाई’



आज सुरुवातीलाच एक प्रयोग करू या. वही नको, पेन नको, सामान काहीच नको. तळहात तोंडासमोर धरा आणि म्हणा ‘त’. आता म्हणा ‘थ’. काय झालं? ‘थ’ म्हणताना हातावर वाऱ्याचा झोत आला, ‘त’ म्हणताना तेवढा आला नाही. बरोबर?

आता हात खाली घ्या आणि सावकाश म्हणा : क, च, ट, त, प. जीभ कुठे जाते तिकडे लक्ष ठेवा. ‘क’ला जिभेचा मागचा भाग घशाजवळ उचलला जातो. ‘च’ला जिभेचा पुढचा भाग टाळूला भिडतो. ‘ट’ला जिभेचा शेंडा वर वळून टाळूला टेकतो. ‘त’ला तोच शेंडा वरच्या दातांच्या मागे जातो. आणि ‘प’ला? जिभेला चक्क सुट्टी! नुसते दोन ओठ मिटतात आणि उघडतात. म्हणजे पहिलीत आपण जी मुळाक्षरं घोकली, तो घशापासून ओठांपर्यंतचा नकाशाच आहे की!

गंमत अजून संपलेली नाही. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ हे शब्द लागोपाठ म्हणा. लिहिताना ‘च’ एकच, पण म्हणताना जीभ दोन वेगळ्या जागी जाते. हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? नाही. ऐकून ऐकून आलं.

बोलणं आपल्याला इतकं सोपं वाटतं की त्यामागे केवढी कसरत आहे, हे लक्षातच येत नाही. छातीतून हवा यायला हवी, स्वरयंत्र थरथरायला हवं, जीभ आणि ओठ नेमक्या वेळी नेमक्या जागी हलायला हवेत. त्याआधी मेंदूत शब्द सापडायला हवा. आणि त्याच्याही आधी तो शब्द कानांनी कधीतरी नीट ऐकलेला असायला हवा. या साखळीतली एखादी कडी जरा जरी निसटली, तरी बोलणं अडतं.

अशा वेळी मदत करणाऱ्या तज्ज्ञांना इंग्रजीत ‘स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट’ म्हणतात. मराठीत वाचा-भाषा तज्ज्ञ. नेहमीच्या बोलण्यात स्पीच थेरपिस्ट. आणि ज्या शाळांत ते असतात, तिथली मुलं सरळ म्हणतात ‘स्पीचच्या बाई’. (कधी कधी ‘स्पीचचे सर’ही असतात बरं का!) ‘पॅथॉलॉजिस्ट’ म्हटल्यावर रक्त तपासायची लॅब आठवली ना? घाबरू नका. यांच्याकडे सुई नसते. आरसा असतो, चित्रांची कार्डं असतात, खेळणी असतात आणि भरपूर सवड असते.

शाळेत असं माणूस नेमायची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत शिकागो शहरातल्या सरकारी शाळांनी १९१० सालीच बोलणं सुधारणाऱ्या शिक्षिका नेमल्या होत्या. आज त्या देशातले निम्म्याहून जास्त स्पीच थेरपिस्ट शाळांमधून काम करतात. आपल्याकडे मात्र कर्णबधिर मुलांच्या शाळा आणि शहरांतल्या काही शाळा सोडल्या, तर बहुतेक शाळांत ते नसतात. म्हणून तर त्यांचं काम आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. निदान कुणाला कधी त्यांच्याकडे न्यायचं, एवढं तरी!

आधी कान, मग जीभ

समजा, एक मुलगी मागच्या बाकावर बसते. बाईंनी ‘पान चाळीस काढा’ म्हटलं की ती शेजारणीच्या पुस्तकात डोकावते. शुद्धलेखनात ‘स’, ‘श’ असलेले शब्द चुकवते. हाक मारली तर कधी ओ देते, कधी देत नाही. सगळे म्हणतात, लक्ष नसतं तिचं.

स्पीचच्या बाई काय करतील? जिभेकडे बघायच्या आधी त्या कानांची चौकशी करतील. सर्दी वारंवार होते का? कान फुटतो का? मग त्या ऐकण्याची तपासणी करून घ्यायला सांगतील. ही तपासणी एकदम मजेशीर असते. कानांवर हेडफोन लावतात, बारीक बारीक आवाज सोडतात आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. बस्स! त्यावरून एक आलेख काढतात. कोणत्या कानाला कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो, ते त्यात दिसतं.

थोडंसं कमी ऐकू येणं फार फसवं असतं. ‘आ’, ‘ओ’ असे दणदणीत स्वर कानावर पडतात, पण ‘स’सारखे बारीक आवाज निसटून जातात. त्यामुळे मूल बहिरं आहे असं कुणाला वाटतच नाही. शिवाय सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठलं असेल, तर ऐकणं आज कमी, पुढच्या महिन्यात ठीक, असंही होतं. मग लोक म्हणतात, ‘हिला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!’ खरं म्हणजे हवं तेव्हा नाही, कान साथ देतील तेव्हा ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरांनी इलाज केला, पहिल्या बाकावर जागा मिळाली, गरज असेल तर श्रवणयंत्र मिळालं, की ‘लक्ष नसलेल्या’ मुलीचं लक्ष एकदम जागेवर येतं.

‘तावला’ आणि ‘लाम’

तीन वर्षांचं पिल्लू कावळ्याला ‘तावला’ आणि रामाला ‘लाम’ म्हणतं, तेव्हा घरभर कौतुक होतं. व्हायलाच हवं! ते वयच बोबडं बोलायचं. ‘क’साठी जिभेची पाठ उचलणं अवघड जातं, म्हणून पिल्लू शेंड्यावर काम भागवतं. ‘र’ आणि ‘ळ’ तर बऱ्याच मुलांना उशिराच जमतात.

पण पहिली-दुसरीत गेल्यावरही ‘तावला’च राहिला, तर कौतुकाची जागा चेष्टा घेते. मग स्पीचच्या बाई आरशासमोर बसवतात. त्या आधी एक गोष्ट बघतात : या मुलाला दोन आवाजांतला फरक ऐकू येतोय का? ‘काका’ आणि ‘ताता’ यांतला फरक कानाला कळला, तरच जिभेला कळणार. मग एकटा आवाज, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग गप्पा. पायरी पायरीनं. घरी रोज दहा मिनिटांचा सराव. कंटाळा येऊ नये म्हणून तोही खेळातून.

काही मुलांच्या टाळूला जन्मतः फट असते. शस्त्रक्रियेनं ती शिवतात, तरी काहींचा आवाज नाकातून येत राहतो. त्यांनाही या बाईंची मदत लागते. आणि मैदानावर ओरडून ओरडून ज्याचा आवाज कायमचा घोगरा झालाय, त्यालासुद्धा! (सातवी-आठवीतल्या मुलांनो, तुमचा आवाज मध्येच चिरकतो ती गोष्ट वेगळी. स्वरयंत्र वाढत असतं. थोडे महिने कळ काढा.)

प्रार्थना खणखणीत, हजेरी गप्प

आता जरा नाजूक विषय.

समजा, सातवीतला एक मुलगा आहे. सकाळची प्रार्थना खणखणीत म्हणतो. वर्गाबरोबर कविता सुरात म्हणतो, एकदाही अडखळत नाही. पण हजेरी सुरू झाली आणि त्याचा नंबर जवळ यायला लागला, की त्याच्या पोटात गोळा येतो. ‘हजर’ हा एवढासा शब्द, पण ‘ह’ बाहेर पडायलाच तयार नाही. मान ताठ होते, डोळे मिटतात. मागून कुणीतरी खुदकन हसतं. सर म्हणतात, ‘मघाशी प्रार्थना तर छान म्हणत होतास! आता काय नाटकं?’

हे नाटक नाही. तोतरेपणाची ती ओळखच आहे. गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका तालात म्हणताना तोतरं बोलणारी बहुतेक माणसं अडखळत नाहीत. एकट्यानं, सगळ्यांसमोर, ठरावीक शब्द ठरावीक क्षणी म्हणायची वेळ आली, की अडतं. सगळ्यांत जास्त कुठे अडतं माहीत आहे? पुष्कळदा स्वतःच्या नावावर! ‘पाणी’ म्हणता आलं नाही तर नुसता हात करून मागता येतं. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार?

शंभरातल्या साधारण पाच मुलांना लहानपणी कधी ना कधी असं होतं. बहुतेकांचं पुढे आपोआप थांबतं. मोठेपणी शंभरात साधारण एकाचं राहतं. मुलींपेक्षा मुलग्यांत ते जास्त आढळतं, आणि एकाच घरात दोघा-तिघांना असणंही नवलाचं नाही. घाबरट स्वभावामुळे हे होत नाही. तोतऱ्याची नक्कल केली की आपणही तोतरे होतो, हेही खोटं. (म्हणून नक्कल करावी, असा अर्थ काढू नका हं!) बोलण्याचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या मेंदूच्या कामात थोडा फरक असतो, एवढंच. हुशारीशी त्याचा काहीच संबंध नाही.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज तोतरे बोलायचे. राजे होण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, ते लायोनेल लोग नावाच्या ऑस्ट्रेलियन स्पीच थेरपिस्टकडे जाऊ लागले. पुढे १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा याच राजांनी रेडिओवरून साऱ्या देशाशी बोलून धीर दिला. त्यांच्यावर २०१० साली ‘द किंग्ज स्पीच’ हा चित्रपटही निघाला. आपल्याकडे हृतिक रोशननंही स्वतःच्या तोतरेपणाबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे.

स्पीचच्या बाई या मुलाला काय शिकवतात? शब्दाची सुरुवात हळुवार कशी करायची, अडलं तर जोर न लावता त्यातून कसं बाहेर यायचं, हे शिकवतात. पण त्याहून महत्त्वाचं शिकवतात ते हे, की अडखळलं तरी बोलायचं थांबायचं नाही. कारण खरं नुकसान अडखळण्यानं होत नाही. उत्तर येत असूनही ‘येत नाही’ म्हणून खाली बसण्यानं होतं. वर्षभर असं खाली बसलेलं मूल सगळ्यांच्या लेखी ढ ठरतं, आणि काही दिवसांनी त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागतं.

‘पानी’ म्हणणं हा आजार नाही!

आता एक उलटी गंमत. बाईंकडे कधी कधी असं मूल येतं, ज्याला काहीच झालेलं नसतं!

घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि गप्प बसून राहतं. कुणाच्या तोंडी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ असतं. वर्गाला वाटतं, याला बोलता येत नाही. स्पीचच्या बाई विचारतात, घरी आजीशी कसा बोलतो? भावंडांशी भांडताना कसा बोलतो? गोष्ट सांगतो का? घरच्या बोलीत तो धबधब्यासारखा बोलत असेल, तर त्याच्या जिभेला आणि डोक्याला काहीही झालेलं नाही. त्याला शाळेची भाषा अजून यायची आहे, इतकंच. ‘पानी’ ही त्याच्या घरची बोली आहे, दोष नव्हे. त्याला उपचार नकोत. शाळेची मराठी शिकायला वेळ हवा, आणि त्याच्या बोलीला न हसणारा वर्ग हवा.

पण कुठल्याच भाषेत त्याला शब्द सापडत नसतील, ‘दप्तर ठेव आणि खडू आण’ अशी दोन कामं सांगितली तर एकच लक्षात राहत असेल, काल काय झालं ते ओळीनं सांगता येत नसेल, तर ती भाषेची अडचण असू शकते. अशा मुलांना पुढे वाचनही जड जातं. तिथे बाई चित्रांवरून गोष्ट जुळवायला, नवे शब्द गोळा करायला शिकवतात. फरक आणि अडचण, हे दोन वेगळे करणं हा त्यांच्या कामातला सगळ्यांत कसोटीचा भाग आहे.

तोंडानं नाही, तरी बोलणंच

काही मुलांना तोंडानं बोलणं फार अवघड असतं. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) स्नायू ऐकत नाहीत, किंवा स्वमग्नतेमुळे शब्द फुटत नाहीत. त्यांच्यासाठी बाई चित्रांचा तक्ता करतात. ‘भूक’, ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘मलाही खेळायचंय’ अशी चित्रं. मूल बोट ठेवतं आणि त्याचं म्हणणं पोचतं. आता हे टॅबवरही करता येतं. मुंबईच्या आयआयटीत यासाठी ‘जेलो’ नावाचं अ‍ॅप तयार झालंय, चेन्नईत ‘आवाज’ नावाचं. चित्रावर बोट टेकवलं की टॅब बोलतो. अशानं मूल आळशी होऊन बोलायचं सोडून देईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट आपलं म्हणणं पोचतंय हे कळल्यावर काहींचे शब्दही वाढतात.

अर्धं काम वर्गात

तुम्हाला वाटेल, या बाई एका खोलीत बसून एकेका मुलाला शिकवत असतील. ते तर त्या करतातच. पण त्यांचं निम्मं काम खोलीबाहेर असतं. हजेरीला तोंडी उत्तराऐवजी हात वर केलेला चालेल का? तोंडी परीक्षा मधल्या सुट्टीत एकट्याची घेता येईल का? ऐकायला कमी येणाऱ्या मुलीशी बोलताना फळ्याकडे पाठ करून नव्हे, तिच्याकडे तोंड करून बोलाल का? हे सगळं त्या शिक्षकांशी बसून ठरवतात. कारण आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्या मुलाजवळ असतात त्या, आणि रोज पाच-सहा तास असता तुम्ही!

म्हणून ही चार कामं तुमच्याकडे :

१. समोरचा अडखळला तर वाक्य पूर्ण होऊ द्या. त्याचा शब्द तुम्ही म्हणून टाकू नका.
२. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ असले सल्ले देऊ नका. त्यानं दडपण वाढतं.
३. कसं बोलतोय ते न ऐकता, काय बोलतोय ते ऐका.
४. कुणी नक्कल करून हसवत असेल, तर हसू नका. प्रेक्षक नसले की खेळ बंद पडतो.

आई-बाबांसाठी

साधारण एका वर्षाला पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘आई दे’, ‘दूध संपलं’ अशी दोन शब्दांची जोडी, आणि चार वर्षांपर्यंत परक्या माणसालाही बहुतेक बोलणं कळावं, हा ढोबळ हिशेब. त्यात फार मागे पडत असेल, तर ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले होते’ म्हणून वाट बघू नका. आलेले शब्द हरवायला लागले, तर एक दिवसही थांबू नका. ‘जीभ जड आहे’ म्हणून वेखंड उगाळून लावणं किंवा तोंडात खडा धरायला लावणं यानं बोलणं सुधारत नाही. खडा घशात अडकायची भीती मात्र खरी. घरात दोन भाषा बोलल्यामुळे मूल उशिरा बोलतं किंवा तोतरं होतं, हाही गैरसमज. घरची भाषा सोडू नका.

शाळेत स्पीच थेरपिस्ट नसल्या तरी वाट बंद नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा आणि अंगणवाड्यांत जाऊन मुलांची मोफत तपासणी करतात. ऐकण्याची आणि भाषेची अडचण त्यांच्या यादीत आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक शाळेत येईल तेव्हा आपली शंका चिठ्ठीवर लिहून बाईंकडे द्या. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेची दिव्यांगता स्पष्ट नोंदलेली आहे. तेव्हा शाळेकडे सवलत मागताना संकोच नको. ते उपकार मागणं नाही.

आणि मोठेपणी?

आठवी-नववीतल्या दोस्तांनो, हे काम आवडलं का? बारावी विज्ञाननंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. ऐकणं आणि बोलणं, दोन्ही त्यात शिकवतात. मुंबईत अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात तो आहे. म्हैसूरला १९६५ साली सुरू झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तर देशभर प्रसिद्ध आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या धंद्यात बडबड्या माणसापेक्षा ऐकून घेणारं माणूस जास्त चालतं! आणि अहिराणी, मालवणी, गोंडी अशी घरची बोली येत असेल तर दुधात साखर, कारण त्या मुलांची तपासणी त्यांच्याच बोलीत करणारं माणूस हवं असतं.

या आठवड्याचं काम

तुमच्या वर्गात महिन्याभरात ज्याचा आवाज तुम्ही ऐकलाच नाही, असं कोण आहे? नाव आठवा. मधल्या सुट्टीत त्याच्या किंवा तिच्या शेजारी डबा उघडा आणि एखादा प्रश्न विचारा. मग उत्तर येईपर्यंत थांबा. मनात दहा आकडे मोजावे लागले तरी चालेल. उत्तर कसं आलं ते नको, काय आलं ते आम्हाला पत्रानं कळवा. आणि हो, नाव मात्र लिहू नका. ते तुमच्या दोघांत राहू द्या.